पुढून मोटार, मागून टेम्पो

“दोन आठवडे. फार तर अडीच,” असं ग्रंथपाल बायकोला म्हणाले, तेव्हा त्यांच्या आवाजात इतका ठामपणा होता की क्षणभर त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला.

विषय गाडीचा होता. ग्रंथपालांची बायको खुर्च्या दुरुस्त करायची. जुनी गादी उसवणं, स्प्रिंगा बदलणं, नवं कापड ताणून ठोकणं, हे सगळं ती वडिलांकडून शिकली होती आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये करत होती. आजवर आजूबाजूच्या दोन-चार खुर्च्या येत. आता एकदम अध्यापक महाविद्यालयाच्या सभागृहातल्या चाळीस खुर्च्या आल्या होत्या, सागवानी आणि लोखंडी पायांच्या, एकेक अशी जड की उचलताना माणूस आपलं वय आठवतो. दीड महिन्यानंतरच्या शनिवारी दुपारी बाराच्या आत त्या परत पोचवायच्या, कारण चारला तिथे समारंभ होता. वेळेत आणि नीट पोचल्या तर सभागृहातल्या उरलेल्या दोनशे खुर्च्याही तिच्याकडेच येणार होत्या. नाही पोचल्या, तर मोठमोठ्या पाट्या लावलेले फर्निचरवाले टपून बसलेच होते. हे काम तिला किती हवं होतं ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण हल्ली ती खिळे ओठांत धरून गुणगुणायची, त्यावरून घरादाराला कळलं होतं.

“अहो, त्या दिवशी मला एक टेम्पो लागेल,” एवढंच ती म्हणाली होती.

“टेम्पो कशाला?” ग्रंथपाल म्हणाले. “अप्पांची गाडी आहे की!”

अप्पा म्हणजे ग्रंथपालांचे सासरे. वय एकोणऐंशी, मुक्काम मुलीकडे, कामधंदा दिवसभर शेडच्या दारात बसून लेकीच्या हाताकडे बघणं. त्यांची गाडी शेडच्या आत, मागच्या भिंतीला लागून चौदा वर्षं उभी होती आणि तिच्यावर कापडाचे तागे ठेवलेले असत. ही गाडी पुढून पाहिली तर चांगली मोटार होती. तोंड मोटारीचं, दारं दोन, काचा वर-खाली होणाऱ्या, बसायला दोन मऊ आसनं. पण जिथे मागचं आसन यायचं, तिथे कारखान्यातल्या कुणाचं तरी मन बदललं असावं. तिथून पुढे नुसता उघडा हौदा. उंचीने मोटारीएवढीच, रुबाबानेही मोटारीएवढीच, फक्त मागे खुर्च्या भरता येत. लोकांना ती मोटार म्हणून घ्यावी की टेम्पो म्हणून, हे शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, आणि कारखान्याने कंटाळून ती बनवायचंच सोडून दिलं.

गाडी जुनी होती, कल्पना मात्र ताजी होती. वाचनालयात आलेल्या मासिकांवर शिक्के मारता मारता ग्रंथपालांनी एक लेख वाचला होता. मोटारीच्या अंगाच्या छोट्या मालगाड्या आता पुन्हा येणार, आणि येणार त्या हायब्रिड होऊन येणार, म्हणजे थोड्या पेट्रोलवर, थोड्या विजेवर. लेख वाचून बाकीच्या वाचकांनी पान उलटलं. ग्रंथपालांनी पान उलटलं नाही, हीच सगळ्या भानगडीची सुरुवात.

“पुढच्या चाकांना जुनंच इंजिन,” त्यांनी जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून समजावलं. “मागच्या दोन चाकांत एकेक विजेची मोटर. गर्दीत वीज, चढावर पेट्रोल, आणि अगदीच अडचण आली तर दोन्ही एकदम.”

“आणि त्या दोघांचं एकमेकांशी पटलं नाही तर?” बायकोने विचारलं.

“अगं, यंत्रं भांडत नसतात. माणसं भांडतात.”

“तिला दोन इंजिनं?” अप्पांनी खालमानेने आमटीकडे बघत विचारलं. “जावईबापू, एकाचीच तिला सवय नव्हती.”

यंत्रांबद्दल ग्रंथपाल बोलले ते चूक होतं की बरोबर हे अजून ठरायचं आहे. माणसांबद्दल मात्र ते शंभर टक्के खरं ठरलं. इंजिनासाठी त्यांनी कोपऱ्यावरच्या गॅरेजचे मेस्त्री बोलावले आणि मोटरींसाठी एक वायरमन. दोघेही आपापल्या कामात वाघ होते. अडचण एवढीच की एका जनरेटरवरून त्या दोघांचं सहा वर्षांपूर्वी वाजलं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. पहिल्याच दिवशी मेस्त्रींनी खडू मागून घेतला आणि शेडच्या फरशीवर, बरोबर जिथे मोटार संपून टेम्पो सुरू होत होता तिथे, आडवी रेघ मारली.

“रेघेच्या पुढे माझं,” ते ग्रंथपालांना म्हणाले. “मागे कोण काय दिवे लावतंय त्याच्याशी मला घेणं नाही.”

“त्यांना सांगा,” दोन हात अंतरावर उभा असलेला वायरमन ग्रंथपालांनाच म्हणाला, “की त्यांच्या इंजिनाचा धूर रेघेच्या मागे येता कामा नये.”

ग्रंथपालांनी सांगितलं. तेव्हापासून दोन्ही बाजूंचे निरोप पोचवणं हे त्यांचं काम होऊन बसलं. वाचनालयातून साडेपाचला सुटायचं, घरी येऊन शर्ट बदलायचा आणि रेघेवर उभं राहायचं. दोघंही एकमेकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्यांच्याशी बोलत आणि मग ग्रंथपाल तेच वाक्य जरा सभ्य करून दुसऱ्याला सांगत. गोंधळ नको म्हणून प्रत्येक गोष्ट ते एका कार्डावर टिपून ठेवत. वाचनालयातली कोरी कार्डं त्यांच्या खिशात कायम असतच. एका कार्डावर एकच बाब, ही त्यांची सव्वीस वर्षांची शिस्त.

ह्या शिस्तीबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाला एक आणि एकच जागा असते, यावर ग्रंथपालांची निष्ठा होती. एकदा मधमाश्या पाळून मनःशांती कशी मिळवावी असं एक पुस्तक आलं. ते शेतीत ठेवायचं की तत्त्वज्ञानात, यावर त्यांनी अकरा दिवस घालवले, वजनही थोडं घटलं. शेवटी ते पुस्तक त्यांनी स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवून दिलं आणि आजतागायत ते कुणाला मिळालेलं नाही. असा माणूस हायब्रिडच्या नादी का लागावा, हे कोडं त्यांच्या बायकोलाही सुटलेलं नव्हतं.

शेजारच्या पंपसाहेबांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. पंपसाहेब पंपांच्या कारखान्यातून तपासणी अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते आणि आता तपासायला पंप नसल्यामुळे कंपाउंडच्या भिंतीवरून शेजाऱ्यांना तपासत असत.

“आधी एक सांगा,” चहाचा कप भिंतीवर ठेवत ते म्हणाले. “ही मोटार आहे की टेम्पो?”

“दोन्ही.”

“दोन्ही असं काही नसतं हो.”

ग्रंथपालांना हे फार लागलं. कारण हेच वाक्य, ह्याच सुरात, ते स्वतः रोज वाचकांना ऐकवत असत.

“आणि पेट्रोल की वीज?”

“दोन्ही.”

पंपसाहेबांनी कप उचलला. “तुमची तब्येत बरी आहे ना?” एवढं विचारून ते आत गेले, आणि पाच मिनिटांनी परत येऊन त्यांनी हौद्याला छप्पर करा, हौदा काढून टाका आणि गाडी विकून टाका, असे तीन सल्ले एका दमात दिले. ग्रंथपालांनी तीन कार्डं केली.

दुसऱ्या आठवड्यात अनर्थ झाला. मेस्त्रींनी इंजिन पूर्ण खोललं होतं आणि सगळे नट, बोल्ट, वायसर जुन्या वर्तमानपत्रांवर मांडून ते रविवारी सुट्टीवर गेले. दुपारी ग्रंथपाल सहज शेडमध्ये डोकावले. समोरचं दृश्य पाहून त्यांना गलबलून आलं. लांब बोल्ट आखूड बोल्टांशेजारी, तांब्याचे वायसर लोखंडाच्या वायसरांत, काहीचा काही प्रकार. पुस्तकांची अशी अवस्था पाहून ते स्वस्थ बसले असते का? त्यांनी घरातल्या सगळ्या रिकाम्या बरण्या धुतल्या, पुसल्या आणि संध्याकाळपर्यंत एकूण एक तुकडा आकार, लांबी आणि धातू यांप्रमाणे लावून टाकला. बरण्यांवर क्रमांक चिकटवले. शिवाय एक सूची केली. अप्पा दारात बसून बघत होते.

“अप्पा, कसं वाटतंय?”

“सुरेख,” अप्पा म्हणाले. “मेस्त्री रडेल.”

सोमवारी मेस्त्री खरोखर रडायच्या बेतात आले. ते खाली बसले, एक बरणी हातात घेतली आणि सूची वाचली. त्यांनी प्रत्येक नट जिथून निघाला त्या क्रमाने मांडला होता. पहिल्या पानावर पहिल्यांदा निघालेले, शेवटच्या पानावर शेवटी निघालेले. इंजिन परत जोडायचं तर फक्त वर्तमानपत्रं उलट्या क्रमाने घ्यायची होती.

“साहेब,” शेवटी ते म्हणाले, “तुम्ही एखाद्या पुस्तकातली सगळी अक्षरं काढून अ-आ-इ-ई अशी लावून ठेवता का?”

रेघेच्या पलीकडून वायरमन सहा वर्षांत पहिल्यांदा मनापासून हसला. इंजिन जोडायला त्यानंतर तीन आठवडे लागले आणि जोडून झाल्यावर एका बरणीत सात नट उरले. ते कुठले, हे सूचीत बघूनही कळेना.

दरम्यान वाहन नोंदणीच्या कचेरीत ग्रंथपालांची वेगळीच परवड चालू होती. तिथल्या फॉर्मात एक प्रश्न होता, वाहनाचा प्रकार, आणि त्यापुढे दोन चौकोन, प्रवासी आणि मालवाहू. प्रवासी वाहनांची खिडकी तीन नंबरची, मालवाहूंची सात. तीन नंबरच्या कारकुनाने गाडीचा फोटो डोळ्यांजवळ नेला.

“मागे माणसं कुठे बसणार?”

“मागे खुर्च्या असतात.”

“खुर्च्या आहेत म्हणजे बसायची सोय आहे.”

“नाही, त्या माल आहेत.”

“मग सात.”

सात नंबरच्या खिडकीतला माणूस म्हणाला, की ह्या तोंडाचं वाहन मालवाहू असूच शकत नाही, तुम्ही तीनला जा. अशा चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीला दोन्ही खिडक्यांतल्या लोकांनी त्यांना ओळखीचं हसू दिलं. मग इंधनाचा प्रश्न आला. पेट्रोल की वीज, एकच पर्याय निवडा. ग्रंथपालांनी दोन्ही चौकोनांत खूण केली.

“दोन खुणा म्हणजे खाडाखोड,” कारकून शांतपणे म्हणाला. “नवा फॉर्म घ्या.”

आता इथे दुसरा कुणी असता तर त्याने कचेरी डोक्यावर घेतली असती. ग्रंथपालांची पंचाईत अशी की त्यांना कारकुनाचं म्हणणं मनोमन पटत होतं. एका वस्तूला एक चौकोन. त्या खिडकीत ते स्वतः असते तर त्यांनीही फॉर्म परतच केला असता, कदाचित जास्त कडक शब्दांत. ज्याच्यावर चिडायचं तो माणूस म्हणजे आपणच आहोत अशी शंका आली की चिडता येत नाही, नुसतं गरगरतं. ते नवा फॉर्म घेऊन बाकावर बसले आणि आपण नक्की कुठल्या बाजूचे, याचा विचार करत राहिले.

शेवटी आतल्या मोठ्या साहेबांनी त्या शनिवारपुरती रस्त्यावर चाचणी घेण्याची परवानगी लिहून दिली. वाहनाच्या वर्णनापुढे त्यांनी एकच शब्द लिहिला, ‘इतर’. वाचनालयात ‘इतर’ असं कपाट नसावं म्हणून ग्रंथपाल जन्मभर भांडले होते. परवानगीच्या कागदाची घडी घालताना त्यांचा चेहरा पडला होता.

शनिवार चार दिवसांवर आला. चाळीसच्या चाळीस खुर्च्या तयार होऊन चादरींखाली उभ्या होत्या. बायको रोज एकदा शेडच्या मागच्या भागात येई, गाडीकडे बघे, “काही लागलं तर सांगा,” म्हणे आणि जाई. ग्रंथपालांना काही लागत नसे. गुरुवारी वायरमन हौद्याखाली डाव्या अंगाने पालथा शिरला होता.

“मेस्त्रींना विचारा,” तो खालून ओरडला, “गाडी पुढे जाताना चाक कुठल्या अंगाला फिरतं. त्यांच्या तोंडून पाहिजे. नंतर माझ्यावर यायला नको.”

मेस्त्री उजव्या बाजूला पुढच्या चाकापाशी हात पुसत उभे होते. “घड्याळाच्या काट्यासारखं,” ते म्हणाले. “एवढंही येत नाही का त्याला?”

ग्रंथपालांनी कार्ड काढलं, लिहिलं, ‘चाक : घड्याळाच्या काट्यासारखं’, आणि दुसरा भाग गाळून पहिला भाग डावीकडे वाकून खाली सांगितला. वायरमनने वायरी तशा जोडल्या आणि वर गरम लाख ओतून जोडांची डबी कायमची बंद केली.

शुक्रवारी गाडी चारही चाकांपाशी जॅक लावून हवेत उचलली. दुपारी मेस्त्रींनी इंजिन चालू केलं, पुढची चाकं गरगर फिरली. संध्याकाळी, मेस्त्री गेल्यावर, वायरमनने बटण दाबलं आणि मागची चाकं फिरली, अशी की पान हलल्याचाही आवाज नाही. पंपसाहेबांनी भिंतीवरून टाळ्या वाजवल्या. हवेत फिरणारं चाक छानच दिसतं. अप्पा उठून गाडीजवळ गेले आणि दारावर हात फिरवत म्हणाले, “उद्या मी पुढे बसणार.”

शनिवारी सकाळी नऊला फाटकाशी हॉर्न वाजला. बाहेर एक उंच, बंद पेटीचा टेम्पो उभा होता.

“हा कुणाचा?” ग्रंथपालांनी विचारलं.

“मी ठरवलाय,” बायको म्हणाली. ती चादरी काढत होती.

“कधी?”

“तुम्ही दोन आठवडे म्हणालात ना, त्याच दिवशी.”

ग्रंथपाल तिथेच बरणीशेजारच्या स्टुलावर बसले. दीड महिना, सव्वाशे कार्डं, पाच फेऱ्या कचेरीच्या. “म्हणजे तुझा माझ्यावर विश्वासच नव्हता.”

“होता की. पूर्ण होता. म्हणून तर त्याच दिवशी ठरवला.” मग त्यांचं तोंड बघून ती थांबली. हातातली चादर तिने घडी करून बाजूला ठेवली. “अहो, हे काम गेलं असतं तर मला सहन झालं नसतं. तुमच्यावर राग धरून बसले असते मी, आयुष्यभर. ते मला नको होतं.” आणि वर म्हणाली, “आठ खुर्च्या गाडीत घेऊ. बत्तीस टेम्पोत.”

आठ खुर्च्या दयेने मिळाल्या आहेत हे ग्रंथपालांना कळलं. एखाद्या पाहुण्या पोराला खेळात घ्यावं तसं त्यांना घेतलं होतं. त्यांनी ठरवलं, की आज पेट्रोल आणि वीज, दोन्ही एकदम लावून टेम्पोच्या पुढे जायचं आणि काय ते दाखवून द्यायचं. अप्पा शेजारी बसले. बायको मागे टेम्पोत ड्रायव्हरजवळ बसली. पंपसाहेब भिंतीशी होतेच. ग्रंथपालांनी इंजिन चालू केलं, गिअर टाकला, विजेचंही बटण दाबलं आणि क्लच सोडला.

गाडीने गर्जना केली. ती थरथरली, तिच्या खालून खडी उडाली, हौद्यातल्या खुर्च्या खडखडल्या, आणि ती जागची तसूभरही हलली नाही.

“ब्रेक सोडा!” पंपसाहेब ओरडले.

“सोडलाय!”

“मग धरा!”

ग्रंथपालांनी आणखी पेट्रोल दिलं. गाडी आणखी जोरात ओरडली आणि आणखी जोरात उभी राहिली. पुढचा भाग पुढे जायला बघत होता, मागचा ऐकायला तयार नव्हता. अप्पा दोन्ही हातांनी समोरची फळी धरून म्हणाले, “जावईबापू, एकाला तरी गप्प करा.” ग्रंथपालांनी घाबरून विजेचं बटण बंद केलं, त्याबरोबर गाडी बंदुकीतून सुटल्यासारखी फाटकाबाहेर गेली. काय झालं हे त्यांना कळलं नाही. टेम्पोत बसलेल्या बायकोने मात्र मागच्या चाकांकडे टक लावून पाहिलं होतं. घड्याळात साडेनऊ झाले होते, म्हणून ती काही बोलली नाही.

महाविद्यालयाशी पोचेपर्यंत अकराला वीस कमी होते. सभागृह इमारतीच्या मागच्या अंगाला होतं. तिथे जायला एका बाजूने दगडी कमान, मग इमारतीला वळसा घालणारी अरुंद वाट, आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडायला एक छोटं फाटक. टेम्पोचा ड्रायव्हर कमानीसमोर थांबला, वर बघितलं आणि इंजिन बंद केलं. टेम्पो कमानीपेक्षा हातभर उंच होता.

“इथून उचलून न्या,” तो म्हणाला. “मी ड्रायव्हर आहे. फार तर खाली उतरवून देईन.”

दोनशे पावलांची वाट, तीही खडीची. चाळीस जड खुर्च्या, कंबर धरलेले ग्रंथपाल, एकोणऐंशीचे अप्पा आणि ती. बायकोने एकदा वाटेकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ग्रंथपालांनी तो चेहरा लग्नानंतर फार थोड्या वेळा पाहिला होता.

“आपली गाडी जाते कमानीखालून,” ते म्हणाले. “मोटारीएवढीच आहे ती. पाच खेपा मारू.”

तेवढ्यात रखवालदार धावत आला. “इंजिन बंद! आत परीक्षा चालू आहे. साडेबारापर्यंत वाहनाचा आवाज चालणार नाही.”

“मग वीज!” ग्रंथपाल जवळजवळ नाचले. “वीज आवाज करत नाही!” त्यांनी इंजिन बंद केलं, छाती पुढे काढून विजेचं बटण दाबलं आणि पायाखालचं पेडल हलकेच दाबलं. गाडी एक शब्दही न बोलता निघाली, मागच्या दिशेने. टेम्पोच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ती कशीबशी थांबली.

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा मागे. ते खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली, जणू कुठल्या तरी बाजूने ती पुढे जाताना दिसेल.

“मागची चाकं उलटी फिरतायत,” बायको म्हणाली. “सकाळीच बघितलं मी.”

“शक्य नाही. माझ्याकडे लिहिलेलं आहे.” त्यांनी खिशातून गठ्ठा काढला, कार्ड शोधलं, तिच्यासमोर धरलं. “हे बघ. घड्याळाच्या काट्यासारखं.”

तिने वाचलं. “कुठल्या बाजूने बघून?”

ग्रंथपालांनी कार्ड आपल्याकडे वळवलं. त्यांना उजवीकडे हात पुसणारे मेस्त्री दिसले, डावीकडे पालथा वायरमन दिसला आणि मधे रेघेवर उभा असलेला एक विद्वान दिसला. कार्डावर एकच बाब होती. कुणी कुठून पाहिलं, ही दुसरी बाब. ती लिहायला दुसरं कार्ड लागलं असतं. दीड महिन्यात ते सगळ्यांशी बोलले होते, मेस्त्रींशी, वायरमनशी, पंपसाहेबांशी, तीन आणि सात नंबरच्या खिडक्यांशी. हिला मात्र त्यांनी काही विचारलं नव्हतं. ही गाडी लग्नाआधी चार वर्षं हिनेच चालवली होती. ते त्यांना ठाऊक होतं, नुसतं ठाऊक होतं.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “आता काय करायचं, तू सांग.”

दार उघडून ती स्टिअरिंगमागे बसली, आसन पुढे ओढलं आणि आरसा नीट केला.

“मागे जाते ना? मागेच जाऊ,” ती म्हणाली. “कमानीतून आत, वळसा घालून त्या फाटकातून बाहेर. सगळं मागेच. अप्पा, तुम्ही सभागृहाच्या दारात बसा. अहो, तुम्ही हौद्यात उभे राहा. मला खुर्च्यांमुळे दिसणार नाही, तुम्ही सांगा.”

रखवालदाराच्या मदतीने गाडी ढकलून तिचा हौदा कमानीकडे केला आणि ग्रंथपाल आठ खुर्च्यांच्या पलीकडे, हौद्याच्या अगदी कडेला, वाटेकडे तोंड करून उभे राहिले. गाडी मांजरीसारखी कमानीत शिरली.

“डावीकडे!” ते कुजबुजले.

“तुमचं डावं की माझं?”

“गाडीचं!”

“गाडीचं तोंड कुठलं धरायचं?”

ह्या प्रश्नाने ते जागच्या जागी गारठले. गाडी मोटार धरली तर तोंड तिकडे, टेम्पो धरला तर तोंड इकडे, आणि आता मागे जाणं हेच पुढे जाणं असेल तर डावं कशाला म्हणायचं? त्यांच्या डोक्यात तीन आणि सात नंबरच्या दोन्ही खिडक्या एकदम उघडल्या. भिंत जवळ आली.

“अहो, बोलू नका,” तिचा आवाज आला. “नुसता हात दाखवा.”

त्यांनी हात दाखवला. खुर्च्यांच्या पायांमधून, मागच्या काचेतून, तिला तो दिसला आणि गाडी वळली. हाताला डावं-उजवं समजवावं लागत नव्हतं. तो जिकडे होता तिकडे होता.

परीक्षेला बसलेल्या मुलामुलींनी त्या दिवशी खिडकीतून एक मोटार उलटी जाताना पाहिली. तिच्यावर खुर्च्या होत्या आणि एक गृहस्थ वाहतूक पोलिसासारखे हात करत होते. पंधरा मिनिटांनी तीच मोटार पुन्हा उलटीच गेली. तिसऱ्या वेळी पर्यवेक्षकांनी चष्मा काढून पुसला. पाचव्या वेळी एका मुलाने पेन खाली ठेवून डोळे मिटून घेतले. आवाज मात्र एकदाही झाला नाही.

शेवटची खुर्ची दारातून आत गेली तेव्हा बाराला सात कमी होते. महाविद्यालयाचे कार्यालय अधीक्षक आले. त्यांनी एका खुर्चीच्या कापडावरून बोट फिरवलं, मग बसले, मग जरा उसळी घेऊन पुन्हा बसले. अप्पा श्वास रोखून लेकीकडे बघत होते.

“उरलेल्या दोनशे सोमवारी न्यायला सुरुवात करा,” अधीक्षक म्हणाले. “आणि हीच गाडी आणा. आवाज करत नाही.” मग घामाने भिजलेल्या, शर्टाला वंगण लागलेल्या, खिशातून कार्डं डोकावणाऱ्या ग्रंथपालांकडे त्यांचं लक्ष गेलं. “हे ड्रायव्हर का तुमचे?”

“नाही, ड्रायव्हर मी,” ती म्हणाली. “हे…”

ती थांबली. ग्रंथपालांचा जीव टांगणीला लागला. मदतनीस, हमाल, निरोप्या, सगळा घोटाळा करणारा माणूस, काहीही म्हणता आलं असतं आणि त्यातलं काहीच खोटं ठरलं नसतं.

“हे माझ्याबरोबर आहेत,” ती म्हणाली.

एवढं बोलून ती गाडीत जाऊन बसली. अप्पा तिच्या शेजारी बसले. बाहेर पडायला अजून एक वळण होतं, आणि छोटं फाटक अगदीच चिंचोळं होतं. तिने बटण दाबलं आणि मान वळवून काचेतून मागे पाहिलं. ग्रंथपाल हौद्यात चढले होते, आणि त्यांचा हात आधीच वर होता.